छोटा बिअर्डेड ड्रॅगन खात नाहीये, नुसता पडून आहे? घास भरवायच्या आधी हे तपासा

बिअर्डेड ड्रॅगन हा घरात पाळतात तो सरडा, आणि त्याचं पिल्लू म्हणजे मुलखाचं खादाड. तीन-चार महिन्यांचं निरोगी पिल्लू दिवसातून दोन-तीनदा किडे खातं, समोर रातकिडा हलला रे हलला की मान वळते आणि पुढच्या क्षणी तो गट्टम झालेला असतो. त्यामुळे असं पिल्लू जेव्हा किड्याकडे बघून न बघितल्यासारखं करतं, दुपारी बारा वाजता डोळे मिटून कोपऱ्यात चपटं पडून राहतं, तेव्हा पोटात गोळा येणारच, आणि पहिली गोष्ट आपण काय करतो तर खायला घालायला लागतो. हा किडा नको तर तो घे, तो नको तर चिमट्यात धरून तोंडाशी नाच नाच नाचव, कुणीतरी सांगतं बेबी फूड दे, कुणी सांगतं तोंड उघडून घाल. माझं कळकळीचं सांगणं एकच आहे की थांबा, खाणं ही सगळ्यात शेवटची पायरी आहे. आधी ऊब, मग उजेड, मग पाणी, मग शी, आणि मग खाणं. हा क्रम उलटा केला तर बरं व्हायच्या ऐवजी पिल्लू जास्त आजारी पडतं, कारण सरड्याला स्वतःच्या अंगात उष्णता तयार करता येत नाही, अंग गार असलं तर पोटात गेलेलं पचत नाही, ते तसंच पडून राहतं आणि सडतं.

आम्ही शिकागोजवळ राहतो, इकडे मराठी घरांमधून हा प्राणी बराच दिसायला लागलाय, मुलांना कुत्रा हवा असतो, अपार्टमेंटमध्ये चालत नाही किंवा कुणाला तरी केसांची ॲलर्जी असते, मग तडजोड म्हणून बिअर्डी येतो आणि बघता बघता घरातलाच होऊन जातो. आमच्याकडे लेकीचा बंडू आहे. त्यामुळे ओळखीपाळखीतून फोन येतात आणि दहातले बरेचसे फोन याच एका तक्रारीचे असतात. मी व्हेट (प्राण्यांची डॉक्टर) नाही, पण घरी काय तपासायचं आणि कधी घरगुती उपाय सोडून पळत सुटायचं हे मला नीट माहिती आहे, तेच इथे लिहितेय.

आधी हे बघा, यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

पिल्लू उलटं केल्यावर स्वतःहून सुलटं होत नसेल, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल आणि नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे दिसत असतील, हातापायांची बोटं थरथरत असतील, मागचे पाय ओढत चालत असेल, जबडा बोटाला मऊ लागत असेल, मान मागे टाकून वर आभाळाकडे बघितल्यासारखं करत असेल, शीमध्ये रक्त असेल, किंवा डोळे खोल गेलेले आणि शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली दिसत असतील तर आजच्या आज व्हेट. उद्या नाही. आणि काजवा खाल्ल्याची शंका असेल तर त्याच मिनिटाला निघा, उन्हाळ्यात अमेरिकेत संध्याकाळी अंगणभर काजवे असतात आणि मुलं हौसेनं पकडून आणतात, पण काजव्यात जे विष असतं त्यानं एका काजव्यातसुद्धा बिअर्डी मरू शकतो. हे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशीच सांगून ठेवायला हवं.

उघड्या तोंडाबद्दल एक खुलासा, दिव्याखाली बसून तोंड उघडणं हे वेगळं, अंग पुरेसं तापलं की ते असं तोंड उघडून बसतात, ते नॉर्मल आहे. गार बाजूला असतानाही तोंड उघडं आणि श्वासाला आवाज, हे मात्र नॉर्मल नाही.

किती दिवस वाट बघायची हा सगळ्यांचा पुढचा प्रश्न. मोठा, दीड-दोन वर्षांचा धष्टपुष्ट ड्रॅगन आठवडाभर कमी खाऊनही तग धरतो. पिल्लाकडे अंगात साठवलेलं काही नसतं. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल, टँकची (म्हणजे त्याच्या काचेच्या पेटीची) गरमी-दिवे सगळं बरोबर आहे आणि तरीही पूर्ण दोन दिवस काहीही तोंडाला लावलं नाही तर मी व्हेटला फोन करेन. सहा-आठ महिन्यांचं असेल आणि वजन टिकून असेल तर तीन-चार दिवस निरीक्षण चालेल. पण वजन टिकून आहे हे कळायला वजन करायला हवं, आणि डोळ्यांनी वजन कळत नाही. स्वयंपाकघरात असतो तसा ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या (त्याच्यासाठी वेगळा, पिठासाठीचा नको), वर एक छोटा डबा ठेवून शून्य करा, पिल्लू डब्यात, आकडा वहीत. दर आठवड्याला एकाच वारी. वाढत्या पिल्लाचा आकडा वर गेलाच पाहिजे, तो नुसता थांबला तरी ती खूण आहे, आणि दहा टक्के उतरला तर सरळ व्हेट.

काही वेळा खरंच काही झालेलं नसतं

नवीन आणलेलं पिल्लू पहिले काही दिवस कमी खातं, कधी आठवडाभर. दुकानातून खोक्यात, खोक्यातून गाडीत, गाडीतून नव्या टँकमध्ये, वर चार मुलं काचेला नाक लावून बघतायत, त्याला भूक कशी लागेल. पहिला आठवडा हातात घ्यायचं नाही, टँकच्या तीन बाजूंना बाहेरून कागद लावायचा, खाणं ठेवून लांब जायचं. आणि वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही. त्यांच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसतो बघा, तो खरंतर तिसरा डोळा आहे, त्यानं चित्र दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते, वरून सावली पडली की त्याच्या लेखी तो शिकारी पक्षी. समोरून, खालच्या बाजूनं हात न्या.

दुसरं कारण कात. पिल्लं भराभर वाढतात त्यामुळे सारखी कात टाकतात, कातडी राखाडी-पांढरट, निस्तेज दिसायला लागते, चिडचिड होते, एक-दोन दिवस खाणं कमी होतं आणि मग आपोआप सुरू होतं. कातडी सोलायची नाही, हे मुलांना बजावून सांगा कारण ते सोलायला हात शिवशिवतात.

आणि थंडीतली झोप, ब्रूमेशन. हे नाव नेटवर वाचून लोक निर्धास्त होतात, "अहो झोपलंय ते, थंडी आहे ना". मोठे ड्रॅगन हिवाळ्यात असे सुस्तावतात हे खरं, पण वर्षाच्या आतल्या पिल्लाची सुस्ती ब्रूमेशन समजून सोडून देणं फार धोक्याचं आहे. पिल्लू मलूल आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय असंच धरून चाला.

ऊब: मोजल्याशिवाय बोलायचं नाही

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या पट्ट्यातला. तिथे सकाळी उठून खडकावर नाहीतर कुंपणाच्या खांबावर चढून ऊन खातो, तापला की सावलीत जातो, त्याची जागा तो निवडतो. टँकमध्ये ती जागा आपण बनवून द्यायची असते आणि बहुतेक घोळ इथेच असतो. पिल्लासाठी दिव्याखालच्या बसायच्या जागेचा पृष्ठभाग १०५ ते ११० फॅरनहाइट म्हणजे ४० ते ४३ सेल्सिअस हवा, आणि टँकच्या दुसऱ्या टोकाला साधारण ८० ते ८५ फॅरनहाइट, २७ ते २९ सेल्सिअस. दोन्ही टोकं महत्त्वाची. गार बाजूच नसेल तर ते होरपळतं आणि त्यामुळेही खाणं सोडतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

आता हे मोजायचं कशानं. टँकसोबत मिळतो तो काचेला चिकटवायचा काट्याचा गोल थर्मामीटर काढून टाका. तो काचेजवळच्या हवेचं काहीतरी सांगतो, पिल्लू ज्या दगडावर पोट टेकून बसतं त्या दगडाचं नाही. टेंपरेचर गन मिळते, पिस्तुलासारखी, फार महाग नसते, ती दगडावर रोखायची आणि वाचायचं. शिवाय गार बाजूला वायरवाला डिजिटल थर्मामीटर. माझ्या ओळखीच्या एका घरात मागच्या जानेवारीत पिल्लू आठवडाभर धड खात नव्हतं, काचेवरचा काटा शंभर दाखवत होता आणि सगळे निश्चिंत, मी गन घेऊन गेले आणि लाकडाच्या फांदीवर, जिथे ते खरोखर बसायचं तिथे, ८४ निघालं. दिवा बरोबर होता पण फांदी दिव्यापासून फार खाली होती, आणि टँक खिडकीला लागून, बाहेर बर्फ. फांदीखाली एक चपटी फरशी सारून जागा वर घेतली, टँक आतल्या भिंतीला हलवला, गन पुन्हा लावली, १०६. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लानं रातकिडे मागून मागून खाल्ले. इकडे हिवाळ्यात घराचा हीटर ६८ वर असतो, तेव्हा ऑक्टोबरमध्ये जे सेटिंग चाललं ते जानेवारीत चालेलच असं नाही, प्रत्येक ऋतूत नव्यानं मोजा.

रात्री ६५ फॅरनहाइट, १८ सेल्सिअसपर्यंत खाली गेलं तरी चालतं, रात्री थोडं गार व्हायलाच हवं. त्याच्याखाली जात असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लावा, थर्मोस्टॅटला जोडून. लाल दिवा नको. दुकानात लाल दिवा "त्यांना दिसत नाही" म्हणून विकतात, त्यांना तो व्यवस्थित दिसतो आणि झोपेचं खोबरं होतं, आणि झोप नाही तर दिवसा सुस्ती आलीच. गरम होणारे दगड मिळतात तेही नको, ऊब वरून मिळाली पाहिजे, खालून पोट भाजतंय हे त्यांना वेळेवर कळत नाही आणि मी अशा भाजलेल्या पोटाचं पिल्लू बघितलंय.

उजेड

ऊब आणि यूव्हीबी (उन्हात असतात ती अतिनील किरणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, साधा गरम दिवा यूव्हीबी देत नाही. यूव्हीबी मिळाली तर अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. ते नसेल तर शरीर हाडातलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं, हाडं मऊ पडतात, स्नायूंना बळ राहत नाही, आतड्यांची हालचालसुद्धा मंदावते. म्हणजे खाणं कमी आणि सुस्ती ही दोन्ही लक्षणं याच्यातच बसतात, आणि पिल्लं भराभर वाढत असल्यामुळे त्यांच्यात हे लवकर होतं. सुरुवातीला फक्त एवढंच दिसतं की पिल्लू अंग उचलून चालायच्या ऐवजी पोट घासत चालतंय, उडी मारून किडा धरताना चुकतंय. बोटांची थरथर आणि वाकडे पाय नंतर.

तुमच्याकडे छोटा वळणावळणाचा स्क्रू बल्ब असेल तर तो बदला, पिल्लू त्याच्या नेमकं खाली बसलं तरच काहीतरी मिळतं. लांब ट्यूब हवी, टी-५ प्रकारची, आर्केडियाची १२ टक्के किंवा झूमेडची रेप्टिसन १०.० अशा पद्धतीची, टँकच्या निम्म्या ते दोन तृतीयांश लांबीची, गरम दिव्याच्याच बाजूला, म्हणजे ऊन खाताना दोन्ही एकदम मिळतं. जाळीच्या आत लावली असेल तर पाठीपासून साधारण फूटभर वर, जाळीच्या वर ठेवली असेल तर जाळी बरीचशी किरणं अडवते म्हणून आणखी जवळ, सात ते नऊ इंच. ट्यूबच्या खोक्यावर अंतराचा तक्ता असतो तो वाचा. मधे काच किंवा प्लॅस्टिक आलं की यूव्हीबी संपली, त्यामुळे "आमचा टँक खिडकीत असतो, भरपूर ऊन येतं" याचा काही उपयोग नाही, उलट काचेच्या पेटीवर थेट ऊन पडलं तर आत भट्टी होते.

ट्यूब चालू दिसते म्हणजे यूव्हीबी येतेय असं नसतं. डोळ्याला दिसणारा उजेड राहतो आणि किरणं कमी होत जातात. टी-५ ट्यूब वर्षानं बदला, जुन्या टी-८ सहा महिन्यांनी, आणि लावल्याची तारीख ट्यूबच्या टोकाला मार्करनं लिहून ठेवा. टँक कुणाकडून सेकंडहँड घेतला असेल तर त्यातली ट्यूब संपलेलीच आहे असं समजा. दिवे दिवसाला बारा ते चौदा तास, टायमर लावला की कटकट मिटते.

पाणी

सुकलेल्या पिल्लाला भूक लागत नाही. डोळे किंचित आत, कुशीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली तर सुरकुती तशीच राहते, तोंडात चिकट लाळेचे धागे, ही पाणी कमी पडल्याची चिन्हं. बरीच पिल्लं वाटीतलं साचलेलं पाणी ओळखतच नाहीत, हलणारं पाणी ओळखतात. ड्रॉपरनं नाकाच्या शेंड्यावर एक थेंब सोडा, तो ओघळून ओठाशी आला की जीभ बाहेर येते आणि एकदा चाटायला लागलं की पीत राहतं. घाई नको, तोंडात पिचकारी मारायची नाही, श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे लगेचच असतं, पाणी छातीत गेलं तर न्यूमोनिया.

कोमट पाण्यात बसवणं पण चांगलं, ८५ ते ९० फॅरनहाइट म्हणजे ३० सेल्सिअसच्या आसपास, पाणी त्याच्या खांद्यापर्यंतच, दहा-पंधरा मिनिटं, आणि त्या वेळात तुम्ही तिथून हलायचं नाही. पाण्यात बरेचदा शी होते, त्यासाठी पण हे उपयोगी. नंतर कोरडं करून लगेच दिव्याखाली. अगदीच निपचित पिल्लाला मात्र पाण्यात सोडू नका, मान वर धरायची ताकद नसेल तर बुडतं.

शी बघायला शिका

किळस बाजूला ठेवायची. ड्रॅगनची आख्खी तब्येत त्या एका गोष्टीत वाचता येते. निरोगी शी तपकिरी, आकार असलेली, आणि सोबत पांढरा खडूसारखा भाग असतो, तो म्हणजे त्यांची लघवी, घट्ट स्वरूपातली. तो पांढरा भाग मऊ आणि पांढराच असेल तर पाणी पुरतंय. पिवळा-केशरी, कडक, खडे झालेला असेल तर पाणी कमी पडतंय. शी पातळ, भयंकर घाण वास, शेंबडासारखा चकचकीत पदार्थ, न पचलेले किड्यांचे तुकडे, असं एकदा झालं तर सोडून द्या, दोन-तीनदा झालं तर तपासणी.

कारण पिल्लांमध्ये खाणं सुटण्याचं एक फार मोठं कारण पोटातले परजीवी. पिनवर्म थोडे असले तर बरेचदा त्रास देत नाहीत, कॉक्सिडिया मात्र पिल्लाला झिजवतो, आणि दुकानात एका पेटीत वीस पिल्लं असतात तिथे एकाचा सगळ्यांना लागतो. पिल्लू किडे बघतं, एखादा खातं, तोंड फिरवतं, वजन अडकतं, शीला वास मारतो, अशी साधारण गोष्ट असते. हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, व्हेटकडे शी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ताजी शी, ओलीच, झिपलॉकच्या पिशवीत घालून वर तारीख, लगेच जाणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये (खाण्यापासून लांब, दुसऱ्या डब्यात), फ्रीझरमध्ये नाही, आणि चोवीस तासांच्या आत पोचवा. नवीन पिल्लू आणलं की खातंय-पितंय तरी ही तपासणी करून घ्या असं मी सगळ्यांनाच सांगते.

औषध ऑनलाइन मागवून अंदाजानं देऊ नका. कुत्र्या-मांजराचं जंताचं औषध नाही, आपलं तर नाहीच. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या जिवाला थेंबाचा हिशोब असतो.

शीच होत नसेल तर? पिल्लं रोज किंवा एक दिवसाआड करतात. खातंय पण तीन-चार दिवस शी नाही, पोट टणक, कुंथतंय, तर पोटात काहीतरी अडकलं असू शकतं. फार मोठा किडा, मीलवर्मची कडक सालं, किंवा टँकमधली वाळू. कॅल्शियमची वाळू म्हणून जी विकतात ती पिल्लाखाली घालूच नका, "खाल्ली तरी पचते" हे खोटं आहे. आजारपणात तर खाली साधा पेपर टॉवेल, शी दिसते, बदलता येतो. कोमट पाणी, ऊब, एक दिवस थांबा. तेल पाजायचं नाही, आपल्याकडे लगेच एरंडेलाची आठवण होते पण तेल श्वासनलिकेत गेलं की संपलं. मागचे पाय लुळे पडले तर थांबायचं नाही.

दोन पिल्लं एकत्र आहेत का

असतील तर आजच वेगळी करा. दुकानदार म्हणतात सोबत हवी, एकटं कंटाळतं. हा प्राणी एकटा राहणारा आहे. एक मोठं होत जातं, दिव्याखालची जागा अडवून बसतं, दुसरं गार कोपऱ्यात पडतं आणि हळूहळू खायचं बंद होतं. एकावर एक बसलेली दिसतात ते प्रेम नसतं, खालच्याचं ऊन हिसकावलेलं असतं. शेपटीचं टोक किंवा बोटं तुटलेली बघितलीत म्हणजे उशीर झालाय. छोटं पिल्लू एक हात गोल फिरवून टाटा केल्यासारखं करतं, सगळ्यांना ते फार गोड वाटतं, पण ते "मला मारू नको" म्हणणं आहे. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसत असेल तरी काही पिल्लं ताणात राहतात, पोटावर गडद रेघा उमटतात, दाढी काळी पडते.

आता खाणं

वरचं सगळं जागेवर आलं, अंग तापलंय, पाणी पोटात गेलंय, तर मग खायला द्या. सकाळी दिवे लागल्यावर लगेच नाही, तास-दोन तास ऊन खाऊ द्या. रात्रीचं शेवटचं खाणं दिवे जायच्या निदान दोन तास आधी, नाहीतर पोटात घेऊन गार झोपतं.

किड्याचा आकार त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. दहा-पंधरा मिनिटांत जेवढं खाईल तेवढं, उरलेले रातकिडे बाहेर काढा, रात्री तेच किडे झोपलेल्या पिल्लाच्या बोटांना, डोळ्यांना चावतात आणि पिल्लू किड्यांनाच घाबरायला लागतं. रातकिडे बघून तोंड फिरवलं तर डूबिया झुरळं बघा (आपल्याकडच्या बाईमाणसाला घरात झुरळं विकत आणायची म्हणजे केवढी परीक्षा, पण ती वास मारत नाहीत आणि काचेवर चढत नाहीत), ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, रेशमाच्या अळ्या. हिरव्या हॉर्नवर्ममध्ये पाणी भरपूर असतं आणि तो असा वळवळतो की रुसलेलं पिल्लूसुद्धा बघतं. मेणाची अळी, वॅक्सवर्म, नुसती चरबी, भूक चाळवायला एखादी ठीक, सवय लावली तर मग दुसरं काही खात नाही.

पिल्लाच्या ताटात किडे जास्त आणि पाला कमी, साधारण तीन हिस्से एक हिस्सा, मोठेपणी हे उलटं होतं. म्हणून सहा-सात महिन्यांनंतर किडे थोडे कमी खायला लागलं आणि तरतरीत आहे, वजन वाढतंय, तर ती वाढ मंदावल्याची खूण आहे, आजार नाही. पाल्यात कोलार्ड, मोहरीची पानं, डँडेलियन, शलगमचा पाला, किसलेला लाल भोपळा चालतो, सगळं बारीक चिरून. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं. ॲव्होकाडो अजिबात नाही, विष आहे. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे नुसतं पाणी.

किड्यांना फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची भुकटी आठवड्यातून पाचेक दिवस, मल्टिव्हिटॅमिन एक-दोनदा. किडे पिशवीत घालून चिमूटभर भुकटी टाकायची आणि हलवायची, भाकरीच्या पिठात लोळवल्यासारखे पांढरेफटक करायचे नाहीत, तेवढी भुकटी चवीलाच नको होते आणि पिल्लू किडेच थुंकतं, मग आपण म्हणतो खात नाही. आणि किड्यांना स्वतःला आदल्या दिवशी गाजर-पाला खाऊ घाला, उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल.

दोन दिवसांचा उपाशी जीव आहे, पहिल्याच जेवणाला वीस किडे खाईल अशी अपेक्षा नको. तीन-चार छोटे, पुन्हा ऊन, संध्याकाळी पुन्हा. जबरदस्तीनं तोंड उघडून भरवणं व्हेटनं दाखवल्याशिवाय करू नका, जबडा नाजूक असतो आणि हाडं मऊ झालेली असतील तर मोडतो.

व्हेटकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचा व्हेट बहुतेक वेळा सरडे बघत नाही, फोनवर आधी विचारा की बिअर्डेड ड्रॅगन नेहमी बघता का. सरडे-बेडूक बघणाऱ्या व्हेटांची एआरएव्ही नावाची संघटना आहे, तिच्या यादीत गावाप्रमाणे शोधता येतं. पिल्लू ठणठणीत असतानाच नंबर शोधून फ्रिजवर लावून ठेवा, रविवारी रात्री शोधत बसणं फार वाईट. सोबत वजनाची वही, शीचं सॅम्पल, टँकचा दिव्यांसकट फोटो, टेंपरेचरचे आकडे, ट्यूबची तारीख, भुकटीच्या डब्यांचे फोटो. एवढं नेलंत की व्हेटचा अर्धा वेळ वाचतो. हिवाळ्यात गाडी आधी गरम करा, छोट्या थर्माकोलच्या खोक्यात टॉवेल, कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून.

काही आजार असेही असतात की तुम्ही सगळं नीट करूनही होतात. ॲडेनोव्हायरस हा त्यातला, पिल्लांमध्येच जास्त दिसतो, वाढ खुंटते, सुस्ती, कधी झटके, आणि त्याला औषध नाही, फक्त आधार देता येतो. बरोबरीच्या पिल्लांपेक्षा तुमचं निम्मंच दिसत असेल आणि परजीवी सापडत नसतील तर व्हेटला त्याची टेस्ट विचारा. घरात दुसरा ड्रॅगन असेल तर तोवर भांडी, चिमटे, हात सगळं वेगळं.

पुण्या-मुंबईकडे ज्यांनी पाळलाय त्यांच्यासाठी वेगळी काळजी पावसाळ्याची. यांना ३० ते ४० टक्के दमट हवा पुरते, आणि जुलैत मुंबईची हवा म्हणजे ओला टॉवेलच. टँकला हवा खेळती ठेवा, पाण्याची वाटी दिव्यापासून लांब आणि छोटी, आत पाणी फवारू नका, आणि एसीच्या झोताखाली टँक नको. लाइट गेली तर पिल्लू गार होतं, तेव्हा लाइट परत येऊन अंग तापेपर्यंत खायला देऊ नका.

कॉक्सिडियाचं औषध सुरू झालं की घरचं काम दुप्पट होतं. त्याची अंडी ब्लीचला दाद देत नाहीत, त्यामुळे शी दिसताक्षणी उचला, पेपर टॉवेल रोज बदला, भांड्यांवर उकळतं पाणी घाला, लाकडाची फांदी टाकून द्या कारण ती धड साफ होत नाही, आणि उरलेले किडे पुन्हा डब्यात परत टाकू नका, ते शीवरून फिरलेले असतात. हे सगळं बेसिनमध्ये करायचं नाही जिथे आपली ताटं घासतो. निरोगी दिसणाऱ्या ड्रॅगनच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो, हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, पापी घ्यायची नाही, घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला हाताळू द्यायचंच नाही. औषधाचा कोर्स संपला, पिल्लू खायला लागलं, की लोक शीची दुसरी तपासणी टाळतात, ती टाळू नका, व्हेट सांगतील त्या तारखेला सॅम्पल नेऊन द्या, आणि तोपर्यंत वहीतला वजनाचा आकडा दर आठवड्याला लिहीत राहा.